खजिनदाराचं प्रगतिपुस्तक

१ फेब्रुवारीच्या संध्याकाळी टीव्हीवर एकच प्रश्न फिरत असतो : "अर्थसंकल्पाला दहापैकी किती गुण द्याल?" उद्योगपती आठ देतात, विरोधी पक्षाचे प्रवक्ते शून्य देतात, आणि साडेपाच देणारा अर्थतज्ज्ञ पुन्हा बोलावला जात नाही. दुसऱ्या दिवशी लोकलमध्ये हाच प्रश्न जरा सरळ रूपात येतो : "काय हो, हे अर्थमंत्री बरे की आधीचे?"

उत्तर देणाऱ्यांच्या हातात साधारण तीन फूटपट्ट्या असतात. माझा आयकर किती कमी झाला, काय स्वस्त नि काय महाग झालं, आणि सेन्सेक्स वर गेला की खाली. तिसरी फूटपट्टी किती लवचीक आहे ते पाहा. २०२० साली १ फेब्रुवारीला शनिवार होता, तरी बाजार मुद्दाम उघडा ठेवला होता. सेन्सेक्स जवळजवळ हजार अंशांनी पडला. बरोबर एक वर्षानं, २०२१ मध्ये, अर्थसंकल्पाच्याच दिवशी तो २,३०० अंशांनी उसळला. अर्थमंत्री दोन्ही वेळा निर्मला सीतारामन होत्या. वर्षभरात त्या नापास विद्यार्थिनीच्या गुणवंत झाल्या, असं मानायला कोणी तयार होईल का?

मग खरी फूटपट्टी कोणती? दिल्लीला जाण्याआधी आमच्या सोसायटीत येऊ.

आमच्याकडे एक खजिनदार होते. पाच वर्षांत त्यांनी मेंटेनन्स एका रुपयानंही वाढवला नाही. वार्षिक सभेत टाळ्या. गेटला नवा रंग, गणपतीत रोषणाई, वर सगळ्यांना पेढे. ते गेले आणि पुढचे खजिनदार आले. त्यांनी वह्या उघडल्या तेव्हा कळलं, की गच्चीचं वॉटरप्रूफिंग पाच वर्षं टाळलं होतं, लिफ्टचा देखभाल करार संपून गेला होता आणि सिंकिंग फंडातले पैसे रंगात नि रोषणाईत गेले होते. नव्या माणसानं प्रत्येक फ्लॅटमागे चाळीस हजारांची वर्गणी लावली. आजही जिन्यात शिव्या बसतात त्या या दुसऱ्या माणसाला.

देशाच्या खजिनदारांबाबतही आपण बऱ्याचदा असंच करतो.

१. मुळात त्यांच्या हातात काय असतं?

अर्थमंत्री म्हणजे देशाच्या अर्थव्यवस्थेचा ड्रायव्हर, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात गाडीचे काही पेडल्स त्यांच्या पायाशी असतात, काही दुसऱ्याच्या, आणि रस्ता कुणाच्याच मालकीचा नसतो.

त्यांच्याकडे मुख्यतः तीन गोष्टी असतात : केंद्राचे कर किती आणि कुणावर, खर्च किती आणि कशावर, आणि दोन्हींचा मेळ बसला नाही तर कर्ज किती काढायचं.

व्याजदर त्यांच्याकडे नाही. २०१६ पासून रेपो दर ठरवते सहा जणांची पतधोरण समिती. तिच्यात तिघे रिझर्व्ह बँकेचे, तिघे सरकारनं नेमलेले. महागाई ४ टक्क्यांच्या आसपास, फार तर दोन टक्के इकडे-तिकडे, ठेवणं ही बँकेची कायदेशीर जबाबदारी आहे. २०२२ मध्ये सलग तीन तिमाह्या ती ६ टक्क्यांच्या वर राहिली, तेव्हा कारणं देणारं पत्र रिझर्व्ह बँकेला सरकारला लिहावं लागलं. म्हणजे गृहकर्जाचा हप्ता वाढला म्हणून अर्थमंत्र्यांना बोल लावणारा माणूस चुकीच्या खिडकीवर उभा असतो. (धान्याची निर्यात थांबवणं, पेट्रोलवरचं शुल्क घटवणं असे उपाय सरकारकडे असतात. त्यामुळे अगदीच चुकीच्या इमारतीत नाही, एवढंच.)

जीएसटीही पूर्णपणे त्यांचा नाही. जीएसटी परिषदेत केंद्राच्या मताचं वजन एक तृतीयांश, राज्यांचं दोन तृतीयांश. आणि ठरावाला तीन चतुर्थांश बहुमत लागतं. पाऊस त्यांचा नाही, तेलाचा भाव त्यांचा नाही.

आणि सर्वांत नाजूक गोष्ट म्हणजे पंतप्रधान. देशात सर्वाधिक, दहा अर्थसंकल्प मांडणारे मोरारजी देसाई घ्या. जुलै १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी त्यांच्याकडचं अर्थखातं काढून घेतलं, मोरारजींनी मंत्रिमंडळ सोडलं, आणि त्याच आठवड्यात, १९ जुलैला, १४ मोठ्या बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. दहा अर्थसंकल्पांचा अनुभव एका बाजूला आणि पंतप्रधानांची इच्छा दुसऱ्या बाजूला. वजन कुठल्या पारड्यात जास्त होतं ते उघड आहे.

२. खुर्चीबरोबर काय मिळालं?

परीक्षेच्या दिवशी दोन विद्यार्थी वर्गात आले. एक रात्रभर झोपून ताजातवाना, दुसऱ्याला अंगात १०२ ताप. दोघांना ६० गुण पडले. दोघे सारखेच का?

१९९१ ची गोष्ट सगळ्यांना वरवर माहीत असते : सोनं गहाण पडलं आणि मनमोहन सिंगांनी देश वाचवला. जरा जवळून पाहू. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात केंद्र सरकार दरवर्षी मिळकतीपेक्षा फार जास्त खर्च करत होतं. १९८५ ते १९९१ या काळात अर्थखातं सहा हातांतून गेलं : विश्वनाथ प्रताप सिंग, काही महिने खुद्द राजीव गांधी, नारायणदत्त तिवारी, नांदेडचे शंकरराव चव्हाण, कोकणातून निवडून येणारे मधु दंडवते आणि यशवंत सिन्हा. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेतवर हल्ला केला, तेल भडकलं, आखातातून येणारा पैसा आटला, अनिवासी भारतीय ठेवी काढून घेऊ लागले. जानेवारी १९९१ मध्ये परकीय चलनाची गंगाजळी सव्वा अब्ज डॉलरपर्यंत घसरली. तेवढ्यावर देशाची आयात दोन-तीन आठवडेच भागली असती.

सोन्याचा पहिला व्यवहार कुणाच्या काळात झाला? यशवंत सिन्हांच्या. मे १९९१ मध्ये सरकारनं जप्तीतलं २० टन सोनं स्टेट बँकेमार्फत, परत विकत घेण्याच्या करारावर, स्वित्झर्लंडच्या बँकेला दिलं. ते सरकार तेव्हा काळजीवाहू होतं, आणि पूर्ण अर्थसंकल्प मांडण्याची संधीच त्याला मिळाली नव्हती. जूनमध्ये नरसिंह राव पंतप्रधान आणि मनमोहन सिंग अर्थमंत्री झाले. १ आणि ३ जुलैला रुपयाचं दोन टप्प्यांत अवमूल्यन झालं. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेनं सुमारे ४७ टन सोनं बँक ऑफ इंग्लंड आणि बँक ऑफ जपानकडे तारण ठेवून ४० कोटी डॉलर उभे केले. २४ जुलैला तो प्रसिद्ध अर्थसंकल्प आला.

आता मनमोहन सिंगांना पहिल्या वर्षाअखेर गुण द्यायचे असते, तर? १९९१-९२ चा वाढदर जेमतेम एक टक्क्याच्या वर. ऑगस्ट १९९१ मध्ये महागाई १७ टक्क्यांच्या घरात. नापास. तीन-चार वर्षांनी तोच वाढदर सात टक्क्यांच्या आसपास पोचला होता. मग सिन्हा आणि दंडवते यांच्या नावापुढे काय लिहायचं? माझं मत असं, की घसरगुंडीच्या शेवटच्या पायरीवर जे उभे होते, त्यांना पूर्ण घसरगुंडीचा दोष देऊ नये. सिन्हांनी तर अपमान गिळून सोनं बाहेर पाठवलं आणि देशाला हप्ता चुकवू दिला नाही. पदरात पडली फक्त बदनामी. आमचे दुसरे खजिनदार ते हेच.

३. पेरणी एकाची, कापणी दुसऱ्याची

निर्णय आणि परिणाम यांच्यात अंतर असतं, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. शहरातल्या माणसाला मात्र यशवंतराव चव्हाणांचं उदाहरण द्यावं लागेल.

यशवंतराव जून १९७० ते ऑक्टोबर १९७४ अर्थमंत्री होते, आणि त्या चार वर्षांत एकही संकट रजेवर गेलं नाही. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून सुमारे एक कोटी निर्वासित आले. ५ पैशांचं जादा निर्वासित साहाय्य तिकीट घरातल्या जुन्या लिफाफ्यांवर चिकटवलेलं अजून सापडेल. मग युद्ध. मग १९७२ चा दुष्काळ, ज्याची आठवण महाराष्ट्राला वेगळी करून द्यायला नको. १९७३ च्या शेवटी तेल पिंपामागे तीन डॉलरवरून काही महिन्यांत बाराच्या जवळ गेलं. १९७४ मध्ये घाऊक महागाई २५ टक्क्यांच्या वर गेली. त्यांच्या १९७३ च्या अर्थसंकल्पात ५५० कोटींची तूट होती. त्या काळी तो आकडा एवढा मोठा होता, की त्याला 'काळा अर्थसंकल्प' हे नाव चिकटलं ते आजतागायत.

सगळं संकटाच्या नावावर खपवू नये. त्याच काळात आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांवर गेला. म्हणजे दोन लाखांच्या पुढे कमावलेल्या प्रत्येक शंभरातले ९७ रुपये ७५ पैसे सरकारचे, सव्वादोन रुपये तुमचे. असा कर भरण्यापेक्षा लपवणं सोपं, हे सांगायला अर्थशास्त्र लागत नाही. तरी वांच्छू समितीनं ते लिहून दिलं आणि दर ७५ टक्क्यांपर्यंत आणायला सुचवलं. १९७४ मध्ये चव्हाणांनीच तो ७७ टक्क्यांवर आणला. चूक सुधारली, पण चूक केली होती.

पण माझ्या दृष्टीनं महत्त्वाचा महिना आहे जुलै १९७४. महागाई आवरण्यासाठी सरकारनं त्या महिन्यात कडू औषध दिलं : वाढीव पगार आणि महागाई भत्त्याचा काही भाग सक्तीनं ठेवीत, कंपन्यांच्या लाभांशावर मर्यादा. लोक चिडले. तीन महिन्यांनी चव्हाण परराष्ट्र खात्यात गेले, सी. सुब्रह्मण्यम आले. १९७५ मध्ये पाऊस चांगला झाला, आणि १९७५-७६ मध्ये घाऊक भाव वाढायचे थांबून थोडे उतरलेसुद्धा. तोवर आणीबाणी लागली होती. "आणीबाणीत महागाई कमी झाली, गाड्या वेळेवर धावल्या," असं सांगणारे काका प्रत्येक घराण्यात असतात. त्यांच्या हिशेबात जुलै १९७४ नसतो, आणि १९७५ चा पाऊसही नसतो.

उलट टोकाचं उदाहरणही आहे. जून २०१४ मध्ये कच्चं तेल पिंपामागे ११० डॉलरच्या वर होतं, जानेवारी २०१६ मध्ये ३० च्या खाली. तेव्हाचे अर्थमंत्री अरुण जेटली यांना अशी लॉटरी लागली, जशी चव्हाणांना कधीच लागली नाही. पण लॉटरीच्या पैशाचं काय केलं, हा प्रश्न उरतोच. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात पेट्रोल-डिझेलवरचं उत्पादन शुल्क नऊ वेळा वाढलं. पंपावर ग्राहकाला स्वस्ताईचा छोटा तुकडा मिळाला, मोठा तुकडा तिजोरीत गेला आणि तूट उतरली. तुम्ही याला दूरदृष्टी म्हणाल की हात की सफाई, ते तुमच्याकडे स्कूटर आहे की सरकारी रोखे, यावर अवलंबून आहे. नशीब अर्थमंत्र्यांचं नसतं. नशिबाचा विनियोग त्यांचा असतो, आणि गुण त्यालाच द्यायचे.

४. तूट म्हणजे नेमकं काय?

पुढे जायचं तर ही एक संकल्पना पक्की करून घेऊ, कारण सगळ्या भांडणांच्या मुळाशी हीच असते.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पातले अंदाज घ्या. आकडे लाख कोटींत असल्यामुळे डोळ्यांपुढे काही उभं राहत नाही. म्हणून एक युक्ती : एक लाख कोटी म्हणजे एक हजार रुपये समजा. मग सरकार नावाच्या कुटुंबाचा महिना असा दिसतो.

एकूण खर्च ५०,६५० रुपये. कर आणि इतर मार्गांनी मिळकत ३४,९६० रुपये. उरलेले १५,६९० रुपये उसने. या उसन्या रकमेला राजकोषीय तूट म्हणतात. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाशी, म्हणजे जीडीपीशी, तिचं प्रमाण ४.४ टक्के.

आता पुढचा आकडा. याच खर्चात जुन्या कर्जाचं व्याज आहे १२,७६० रुपये. म्हणजे आज काढलेल्या कर्जातला फार मोठा भाग कालच्या कर्जाच्या व्याजाएवढा आहे. व्याज वजा केलं तर खरी नवी उसनवारी उरते २,९३० रुपयांची. तिला प्राथमिक तूट म्हणतात. हा छोटा आकडा आजच्या अर्थमंत्र्यांच्या स्वभावाबद्दल सांगतो, मोठा आकडा त्यांच्या पूर्वसुरींबद्दल.

मग हे घर बुडालं का? नाही. उसने पैसे कशावर गेले ते विचारा. त्याच वर्षी रस्ते, रेल्वे यांसारख्या भांडवली कामांवर ११,२१० रुपये ठेवले होते. कर्ज काढून घर बांधणं आणि कर्ज काढून लग्नात पंगती उठवणं यात फरक आहे, हे आपल्या आज्यांना पाठ होतं. शिवाय कर्ज वर्षाला १० टक्क्यांनी वाढलं आणि मिळकत १२ टक्क्यांनी वाढली, तर कर्जाचा आकडा फुगूनही त्याचं ओझं हलकं होतं. म्हणून "तूट वाढली, मंत्री वाईट" हे समीकरण चुकीचं. करोनाच्या वर्षात, २०२०-२१ मध्ये, तूट ९ टक्क्यांच्या वर गेली. ती जाऊ दिली नसती, तर तो अर्थमंत्र्यांचा गुन्हा ठरला असता.

याच वर्षांनी टक्केवारीचा एक चकवाही दाखवला. सुधारित आकडेवारीनुसार २०२०-२१ मध्ये अर्थव्यवस्था सुमारे ६ टक्क्यांनी आक्रसली आणि पुढच्या वर्षी साडेनऊ टक्क्यांच्या वर वाढली. जाहिरातीत दुसरा आकडा झळकला. पण शंभराचे ९४ झाले आणि ९४ वर साडेनऊ टक्के चढले, की होतात साधारण १०३. दोन वर्षांत मिळून तीन. विहिरीत पडलेला माणूस बाहेर येतो तेव्हा त्याला उंच उडीचं पदक देत नाहीत.

५. वह्या खऱ्या आहेत का?

मला विचाराल, तर सर्वांत जास्त गुण मी या प्रश्नाला ठेवीन. कारण वह्याच खोट्या असतील, तर बाकीची उत्तरं तपासण्यात अर्थ नाही.

अर्थसंकल्पाच्या कागदांत प्रत्येक रकमेचे तीन अवतार असतात. फेब्रुवारीत सांगितलेला अर्थसंकल्पीय अंदाज. वर्षभरानं दुरुस्त केलेला सुधारित अंदाज. आणि त्याच्याही नंतर, लोक सगळं विसरल्यावर, प्रत्यक्ष आकडा. टीव्हीवरचे दहापैकी गुण पहिल्या अवताराला दिले जातात. म्हणजे विद्यार्थ्यानं "मला ९० पडतील" असं सांगितल्यावर लगेच पेढे वाटण्यासारखं.

२००८-०९ पाहा. २९ फेब्रुवारी २००८ ला पी. चिदंबरम यांनी २.५ टक्के तूट सांगितली. प्रत्यक्षात ती ६ टक्के निघाली. कारणं खरी होती : कर्जमाफी, सहावा वेतन आयोग, जुलैत १४७ डॉलरपर्यंत चढलेलं तेल, सप्टेंबरात लेहमन ब्रदर्स कोसळल्यावर आलेली जागतिक मंदी. पण यातला वेतन आयोग अर्थसंकल्पाच्या आधीपासून दारात उभा होता. तो काही अचानक आलेला पाहुणा नव्हता. गंमत अशी, की वर्ष संपलं तेव्हा चिदंबरम अर्थमंत्री नव्हतेच. २६ नोव्हेंबरच्या मुंबई हल्ल्यानंतर गृहमंत्री शिवराज पाटील यांनी राजीनामा दिला आणि चिदंबरम गृहखात्यात गेले. अर्थखातं काही आठवडे पंतप्रधानांकडे आणि जानेवारीपासून प्रणव मुखर्जींकडे. एकाच वर्षाच्या प्रगतिपुस्तकावर तीन नावं. सही कुणाची घ्यायची?

अंदाज चुकणं वेगळं आणि खर्च वहीबाहेर ठेवणं वेगळं. त्या दशकात तेल कंपन्यांचा तोटा भरून द्यायला सरकारनं रोख पैसे दिले नाहीत, रोखे दिले. आज खर्च दिसला नाही. परतफेड मात्र पुढच्या सरकारांच्या गळ्यात पडली. ती सरकारं याबद्दल मोठ्यानं तक्रार करत राहिली, आणि तोवर स्वतः दुसरा कोपरा शोधून बसली होती. २०१६-१७ पासून अन्न महामंडळाला धान्याच्या अनुदानाचे सगळे पैसे अर्थसंकल्पातून मिळेनात. त्याऐवजी अल्पबचत निधीतून कर्ज मिळू लागलं. म्हणजे तुमच्या-आमच्या पोस्टातल्या बचतीतून. कर्ज महामंडळाच्या नावावर, तूट कमी दिसते.

फेब्रुवारी २०२१ मध्ये सीतारामन यांनी हे प्रकरण संपवलं. महामंडळाचं हे कर्ज फेडण्याची रक्कम त्यांनी सरळ अर्थसंकल्पात घेतली आणि आधीच सुजलेली तूट आणखी सुजवून दाखवली. टीकाकार म्हणतील, करोनाच्या मोठ्या आकड्यात हे लपवणं सोपं होतं, आणि कोपरा याच सरकारनं शोधला होता. दोन्ही खरं. तरीही त्या दिवशीच्या सेन्सेक्सच्या उसळीपेक्षा ही एक नोंद मला जास्त मोलाची वाटते. सिंकिंग फंड कुठे गेला, हे निदान वार्षिक सभेत सांगितलं गेलं.

६. पाच एकरांची अट

पैसा किती वाटला हे मथळ्यात येतं. कुणाच्या ताटात पडला, हे तपशिलात असतं.

२००८ च्या कर्जमाफीचा आकडा आधी ६० हजार कोटी होता, नंतर तो ७१ हजार कोटींच्या वर गेला. नियम साधा : दोन हेक्टरपर्यंत, म्हणजे पाच एकरांपर्यंत जमीन असेल तर पूर्ण माफी; त्यापुढच्यांना बाकी रक्कम एकदम भरल्यास पाव हिस्सा सूट. कागदावर हे गरिबाच्या बाजूचं दिसतं. आता विदर्भातला कोरडवाहू कापूसवाला घ्या. त्याच्याकडे आठ एकर आहेत, पण पाणी नाही; पाऊस रुसला की आठ एकरांतही घर चालत नाही. आणि ऊसपट्ट्यातला चार एकर बागायतीचा मालक घ्या. दुसऱ्याला पूर्ण माफी, पहिल्याला पाव. ज्यांच्या आत्महत्यांच्या बातम्यांनी कर्जमाफीचा विषय देशभर पेटला, त्यांच्यातलेच पुष्कळ जण अटीबाहेर राहिले. ओरड झाल्यावर कोरडवाहू जिल्ह्यांसाठी थोडी सवलत वाढवली गेली. मूळ माप तेच राहिलं.

एकरात मोजावं की पाण्यात, हा प्रश्न दिल्लीतल्या टेबलावर कुणी विचारला असता, तर त्याच पैशात जास्त न्याय झाला असता. अर्थमंत्र्यांचं कसब बऱ्याचदा अशा एका ओळीत असतं.

७. आणि पुरस्कार?

'वर्षातील सर्वोत्तम अर्थमंत्री' असे पुरस्कार परदेशी आर्थिक मासिकं देतात. मनमोहन सिंगांना 'युरोमनी'चा पुरस्कार १९९३ मध्ये मिळाला. त्याच्या आदल्या वर्षी मुंबईच्या शेअर बाजारात हर्षद मेहता प्रकरण फुटलं होतं; १९९३ च्या शेवटी त्याबद्दल संयुक्त संसदीय समितीचा अहवाल आला आणि मनमोहन सिंगांनी राजीनामा पुढे केला. रावांनी तो घेतला नाही. १९९३-९४ मध्ये तूटही पुन्हा चढून ७ टक्क्यांच्या आसपास गेली. पुरस्कार चुकीचा होता असं नाही. तो देणाऱ्यांचा प्रश्न "या माणसानं दारं उघडली का?" हा होता, आणि त्याचं उत्तर होय असं होतं. परीक्षक कोण आहे, ते पाहून गुणपत्रिका वाचावी.

८. राजीनाम्यापलीकडचे चिंतामणराव

मराठी माणसाला विचारा, सर्वांत मोठा अर्थमंत्री कोण? वयस्कर माणूस असेल तर उत्तर येतं : सी. डी. देशमुख. का? कारण मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी १९५६ मध्ये मंत्रिपद सोडलं. राजीनामा बाणेदार होता यात शंका नाही. पण तो अर्थमंत्री म्हणून केलेल्या कामाचा पुरावा नव्हे. महाडजवळच्या नाते गावात जन्मलेल्या, कुलाब्यातून निवडून गेलेल्या माणसाच्या स्वाभिमानाचा तो पुरावा.

काम तपासायचं तर वरचे सगळे प्रश्न त्यांनाही लावा. मिळालं काय? फाळणीनंतरचा, अन्नटंचाईचा देश, आणि नियोजन मंडळावरून पंतप्रधानांशी मतभेद झाल्यानं जॉन मथाई यांनी १९५० मध्ये सोडलेली खुर्ची. नशीब? चांगलं. १९५३-५४ चा पाऊस मनासारखा झाला. पहिल्या पंचवार्षिक योजनेत वाढीचं लक्ष्य होतं वर्षाला २.१ टक्के, झाली ३.६, आणि योजना संपताना घाऊक भाव सुरुवातीपेक्षा खाली होते. यातलं किती देशमुखांचं आणि किती ढगांचं, हे प्रामाणिकपणे वेगळं काढता येणार नाही. म्हणून ते गुण मी अर्धेच देईन.

मागे काय ठेवलं, यावर मात्र हात आखडता घेणार नाही. गोरवाला समितीनं खेड्यातल्या कर्जाची पाहणी केली होती. पुण्याचे धनंजयराव गाडगीळ तिचे सदस्य होते. पाहणीत निघालं, की शेतकऱ्याच्या दर शंभर रुपये कर्जातले सुमारे ७० सावकाराचे, ३ सहकारी संस्थांचे, आणि बँकांचा तर पुरता एक रुपयाही नाही. समितीनं सरकारी मालकीची मोठी बँक सुचवली. देशमुखांच्या काळात इम्पीरियल बँक ताब्यात घेतली गेली आणि १ जुलै १९५५ ला तिची स्टेट बँक झाली. कायद्यानं तिला अट घातली : पाच वर्षांत ४०० नव्या शाखा काढायच्या, मुख्यतः जिथे बँक पोचलेलीच नाही अशा ठिकाणी.

देशमुख पुढच्याच वर्षी पायउतार झाले. १९६० च्या जूनअखेर मुदत संपली, तेव्हा बँकेनं चारशेचा आकडा ओलांडला होता.